तेलाचा काटा आणि ताईची झोप

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मी सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातून जुनी जर्मन गाडी घेतली. भुंग्यासारखी गोल पाठ, पुढे आश्चर्याने उघडल्यासारखे दोन दिवे, आणि इंजिन मागे, इतर गाड्यांची डिकी असते तिथे. रंग फिकट निळा, उन्हाने विटलेला. पाटबंधारे खात्यात मी जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले. कचेरीत जाताना, आधी सायकलवरून आणि मग स्कूटरवरून, ती गाडी त्या बंगल्याच्या फाटकातून रोज दिसायची. तिथे माझा वेग आपोआप कमी व्हायचा. गाडी घरी आली तेव्हा बायको एवढंच म्हणाली की चला, आता दुसऱ्यांच्या फाटकापाशी रेंगाळणं तरी थांबेल.

या गाडीला रेडिएटर नसतो. इंजिनाभोवती पाणी खेळत नाही. मागे एक मोठा पंखा असतो. तो इंजिनाबरोबर फिरतो, बाहेरची हवा आत ओढतो आणि तापलेल्या धातूवर मारतो. उरलेली उष्णता तेल आपल्या अंगावर घेतं, आणि त्या तेलाला निववायला पंख्याच्या वाऱ्यात एक छोटा जाळीदार कूलर उभा केलेला असतो. म्हणजे सगळा कारभार हवेच्या आणि तेलाच्या भरवशावर. आमच्याकडे उन्हाळ्यात हवाच भट्टीतून आल्यासारखी येते, त्यामुळे गाडी बघायला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारायचा: मे महिन्यात काय करणार?

मिस्त्री म्हणाला, काही होत नाही, या गाड्या इथे वर्षानुवर्षं चालल्या आहेत. पण माझ्या मनातून ते जाईना. समोरच्या पत्र्यावर वेग दाखवणारी एकच तबकडी होती. तेल किती तापलं हे कळायला काही मार्गच नव्हता. शेवटी मी त्याच्याकडून तेलाचं तापमान दाखवणारं गेज बसवून घेतलं. इंजिनाच्या तळाशी, जिथे तेल साठतं, तिथे एक सेन्सर, तिथून पूर्ण गाडीखालून पुढे आणलेली वायर, आणि काळ्या रंगाची वाटीएवढी तबकडी. माझ्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ती डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर एका पट्टीवर लावली. मिस्त्रीला हे खूळ पसंत नव्हतं. काटा पाहत बसाल तर रस्ता कधी पाहाल, असं तो म्हणाला. ऐंशी ते शंभरच्या मध्ये काटा असला की निर्धास्त चालवा, एकशे दहाच्या वर गेला तर पाय हलका करा, एकशे वीसला थांबा, एवढं सांगून त्याने वायरला शेवटची चिकटपट्टी गुंडाळली.

मार्चमध्ये आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली, आणि मी एकटा राहीन म्हणून माझी थोरली बहीण माझ्याकडे आली. निदान कारण तरी तेच सांगितलं गेलं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नर्स. भंडाऱ्याच्या पुढे एका तालुक्याच्या गावात तिची सगळी नोकरी झाली. लग्न तिने केलं नाही. मी शाळेत होतो तेव्हाच ती ट्रेनिंगला गेली, आणि नंतर सणावाराला येईल तेवढीच. आली तरी कोणाचं तरी दुखणं काढायला आल्यासारखी असायची: आईचं पथ्य, बाबांचं इंजेक्शन, माझ्या बायकोचं बाळंतपण. सरकारी नोकरी संपल्यावरही तिने एका खासगी नर्सिंग होममध्ये काम धरलं होतं. गुडघ्यांनी अगदीच नकार दिला तेव्हा गेल्या वर्षी ते सुटलं.

ती आल्यावर चार-दोन दिवसांतच माझ्या लक्षात आलं की ती झोपत नाही. मी सकाळी उठायचो तेव्हा तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं असायचं आणि ती खिडकीशी बसलेली. चहा तयार. दुपारी मी आडवा व्हायचो, ती डाळ निवडायची. विचारलं तर म्हणायची, लागते थोडी थोडी. मग हळूहळू तिनेच सांगितलं, तेही दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं. दवाखान्यात रात्रपाळ्या सगळ्यांना यायच्या, पण बरोबरच्या बायांची लेकरं लहान, कोणाची सासू अंथरुणावर. त्या ताईला म्हणायच्या, तुझ्यामागे कोणी नाही, माझी रात्र तू घे. ती घ्यायची. अशा किती जणींच्या रात्री तिच्याकडे जमा झाल्या याचा तिलाही हिशेब नव्हता. काम सुटलं, पण शरीराला कोणी ते कळवलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळीने डोकं जड व्हायचं आणि कान तसाच उघडा राहायचा.

मला तेव्हा जाणवलं की मी तिला झोपलेली कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी मी तिच्या आधी झोपायचो आणि तिच्यानंतर उठायचो. मोठेपणी आम्ही एका घरात राहिलोच नाही.

गाडीत ती पहिल्यांदा बसली ती माझ्या आग्रहाने. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही फुटाळा तलावावरून काटोल रोडला लागलो. गावाबाहेर पडलं की त्या रस्त्याला मोकळा श्वास येतो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधेच पळसाची उशिरा राहिलेली चार लाल फुलं, आणि मागून इंजिनाचा तो आवाज. जुन्या शिवणयंत्रांचा एक कारखाना कुठेतरी दूर चालू आहे, असा. मी रमलो होतो. ताई मात्र रस्त्याकडे पाहतच नव्हती. तिच्यासमोर तबकडी होती आणि तबकडीत हलणारा काटा. पेशंटचा पारा पाहायची पन्नास वर्षांची सवय, ती अशी तबकडी सोडून बागा कशी बघणार.

"हे काय दाखवते गा?" तिने विचारलं.

मी सांगितलं, तेल किती तापलं ते.

त्यानंतर ती दर थोड्या वेळाने मला आकडा सांगू लागली. सत्तर. पंचाहत्तर. ब्याऐंशी. चढाला लागलो तर म्हणायची, चढून राहिला. उताराला, उतरला. तेलाचं तापमान असं ती कधीच म्हणाली नाही, ताप म्हणायची. मलाही ते बरं वाटायला लागलं. मी रस्ता पाहायचो, ती ताप पाहायची, आणि आमच्यात बोलायला दुसरं फारसं काही नसण्याची अडचण मिटली. सात वर्षांचं अंतर आणि दोन गावांत गेलेलं आयुष्य, त्यामुळे आम्हाला एकमेकांची माहिती होती, ओळख बेताचीच.

मग आम्ही रोजच निघू लागलो. कधी काटोलच्या बाजूला, कधी उमरेड रोडने, कुठे जायचं असं काही नसायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला दिसलं की आकडे मधेच थांबतात. मान वळवली तर ताईचे डोळे मिटत होते. मान खाली जायची, झटक्याने वर यायची, नजर तबकडीवर. "अठ्ठ्याऐंशी," ती म्हणायची, जणू मधे काही झालंच नाही. पुन्हा मान खाली. ड्यूटीवर डुलकी लागलेल्या माणसाची धडपड होती ती, स्वतःशीच.

पुढे एका कडुनिंबाखाली मी गाडी थांबवली. इंजिन बंद झालं तशी ती टक्क जागी झाली आणि बाहेर पाहू लागली. मी तिला म्हटलं की तुला झोप येते आहे, झोप ना. ती म्हणाली, काटा कोण पाहील? मी म्हटलं, मी पाहीन. तुला तिथून दिसत नाही, ती म्हणाली. तेही खरं होतं.

मी खाली वाकलो आणि तबकडीची पट्टी धरून जोराने पिळली. पत्रा करकरला, पण तबकडीचं तोंड माझ्याकडे वळलं. आता ती तिला दिसत नव्हती, मला दिसत होती.

"ताई, चार्ज दे मले," मी म्हटलं.

पाळी संपली की नर्स पुढच्या नर्सला पेशंट सोपवते, त्याला त्या चार्ज देणं म्हणतात, हे मला तिच्याच बोलण्यातून माहीत होतं. ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. गंमत करतो आहे की काय याचा अंदाज घेत असावी. मग सरळ, गंभीरपणे म्हणाली, "घे. अठ्ठ्याऐंशी आहे. सकाळपासून नव्वदच्या वर नाही गेला."

मी गाडी सुरू केली. काटोलच्या अलीकडेच तिची मान खिडकीच्या काचेला टेकली, आणि ती परत वर आली नाही.

मी अत्यंत हळू चालवत होतो. मागून ट्रक येऊन हॉर्न मारायचे, मी कडेला व्हायचो. तिचे ओठ जरा विलग झाले होते, चष्मा नाकावरून घसरला होता, एक हात मांडीवर उताणा पडलेला. त्या चेहऱ्यावरची सगळी जबाबदारी उतरली होती, आणि खाली एक अनोळखी, कोवळी बाई होती. रस्ता पुढून येत होता आणि मागे जात होता. उन्हात डांबरावर पाणी चमकत होतं, जवळ गेलं की नाहीसं होत होतं. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर माझी काही हरकत नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं की हे गाडीतच कसं जमतं. घरीही उन्हाळाभर कूलर चालू असतो, तो काय कमी आवाज करतो? ती हसली. वॉर्डातही कूलरच होते, म्हणाली, याच्याहून मोठे. त्यांच्या आवाजातून पेशंटची हाक ऐकायची सवय तिच्या कानाला लागली होती. कूलर जितका मोठा तितका कान ताणून ठेवायचा.

"घरी शांत असलं तरी मी ऐकत राहतो, कूलर असला तरी ऐकत राहतो," ती म्हणाली. "तुझ्या या गाडीत कोणी हाक मारली तरी ऐकू नाही येत बाबू. आणि आली तरी मी जाऊ नाही शकत. गाडी तर चालून राहिली ना."

आईबाबा गेल्यानंतर मला बाबू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून आणली.

एप्रिल असा गेला. पहाटेचा थोडा गारवा असतानाच निघायचं, ऊन तापायच्या आत परतायचं. ती निघताना पहिले काही आकडे विचारून घ्यायची, मग चार्ज द्यायची आणि झोपायची. मी गाडी चालवण्यात पटाईत झालो, म्हणजे कोणाला कळणार नाही असा गिअर बदलण्यात. खड्डे मला पाठ झाले. पायाच्या एका बोटाच्या दाबाने काटा कुठे जातो ते कळू लागलं. पण महिना सरता सरता काटा पूर्वीच्या जागी राहीना. जिथे नव्वद असायचा तिथे शंभर, मग थोडा वर. मी उन्हाला दोष दिला. ऊनही तसंच होतं.

आमच्या ले-आऊटमध्ये घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे आणि त्याच्या कोपऱ्यात सावरीचं मोठं झाड. त्या दिवसांत त्याची बोंडं फुटत होती. कापूस सुटून हवेत तरंगायचा. लहान मुलं त्याला म्हातारी म्हणतात, धरून फुंकर मारतात. सकाळी गाडीच्या निळ्या पाठीवर त्या म्हाताऱ्यांचा पांढरा थर बसलेला असायचा. मला तो सुंदर वाटायचा. मी हाताने पुसून काढायचो तेही नाखुशीने.

मेच्या सुरुवातीला एके दिवशी ताई म्हणाली, रामटेकला जाऊ. लहानपणी एकदा गेलो होतो, गडावरून खाली धानाच्या बांध्या दिसायच्या, ते पाहू. अंतर नेहमीपेक्षा जास्त होतं, म्हणून उजाडताच निघालो. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल आला. पुलावर ताईने खाली नदीकडे पाहिलं, वाळूच वाळू आणि मधे एक चमकती रेघ. पूल ओलांडल्यावर तिने चार्ज दिला.

मनसरच्या आधीच काटा एकशे दहावर आला. मी पाय हलका केला. काटा थबकला आणि पुन्हा सरकू लागला, एकशे बारा, एकशे चौदा. ताई गाढ झोपली होती, अशी झोप महिनाभरात मी पाहिली नव्हती. तोंड उघडं, श्वासाला एक बारीक शीळ. थांबलो आणि इंजिन बंद केलं तर शांततेनेच ती जागी होणार, नेहमी व्हायची. मी तिसरा गिअर टाकला. खालच्या गिअरमध्ये इंजिन हलकं आणि जलद फिरतं, पंखाही जलद फिरतो, वारा जास्त मिळतो. काटा थोडा उतरला. हायवे सोडून मी रामटेकच्या रस्त्याला लागलो, आणि पुढे एका आतल्या रस्त्यावर वळलो, कारण तिथे दोन्ही बाजूंना झाडं होती. उन्हाळी धानाचा वास येत होता. सावली आणि ऊन, सावली आणि ऊन, असे पट्टे तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते.

पण काटा पुन्हा चढला. एकशे अठरा. त्या तापातलं तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि धातूला धातू घासू लागतो, हे मला माहीत होतं. डोक्यात दोनच गोष्टी होत्या: गाडी की झोप. मला लाज वाटली नाही, मी गाडीपेक्षा झोपेच्या बाजूचा होतो. पण रस्त्यातच इंजिन जाम झालं असतं तर दोन्ही गेलं असतं.

एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली मी गाडी घेतली आणि थांबवली, मात्र इंजिन बंद केलं नाही. न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरला. ओझं नाही, पंखा फिरतो आहे, सावली आहे, निवेल हळूहळू, असा हिशेब. इंजिन मागे एकसुरात घुमत राहिलं. मी पाय हलवत नव्हतो आणि काट्यावरून नजर काढत नव्हतो.

थोड्या वेळाने बकऱ्या आल्या, आणि त्यांच्यामागे एक बाई, डोक्यावर पदर, हातात लांब काठी. साठीची असेल. ती माझ्या खिडकीशी वाकली. मी घाईने ओठांवर बोट ठेवलं. तिने पलीकडे पाहिलं.

"बाईले बरं नाही का?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

मी सांगितलं की बरं आहे, झोपली आहे.

मग गाडी काहून बंद करत नाही, पेट्रोल जळून राहिलं, असं तिने विचारलं. मी सांगितलं की बंद केली तर ती उठेल, आणि खूप दिवसांनी झोपली आहे. नातं विचारलं, तेही सांगितलं. बाईने मान हलवली. यात तिला काही विचित्र वाटल्याचं दिसलं नाही. बकऱ्यांना तिने काठीने जरा लांब वळवलं, कारण त्यांच्या गळ्यात घंटा होत्या, आणि ती स्वतः मोहाच्या बुंध्याशी टेकून बसली. आमच्याकडे पाहत नव्हती, आमच्या बाजूने रस्त्याकडे पाहत होती.

काटा एकशे दहावर आला. मग एकशे पाच. मोहाच्या पानांतून ऊन गळत होतं. दूर कुठेतरी होला पक्षी घुमत होता, इंजिनाच्या आवाजात मिसळून जात होता. मला स्वतःलाच गुंगी यायला लागली. मोह, बकऱ्या, ती बाई, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू झालं. माझ्या पोटरीत केव्हाची कळ येत होती, आणि कुठल्या तरी क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून घसरला. तापलेल्या इंजिनाने एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

एकदम इतकी शांतता झाली की पान पडलेलं ऐकू आलं. मी श्वास धरून ताईकडे पाहिलं. बुंध्याशी बसलेली बाईही उठून उभी राहिली.

ताई झोपलेलीच होती. शीळ तशीच चालू. तिने फक्त गाल काचेवर थोडा सरकवला.

मी अलगद चावी फिरवून पूर्ण बंद केली आणि सीटला टेकून बसलो. बाईने दुरूनच हाताने खूण केली, राहू दे आता. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. सावली गाडीच्या पुढून मागे गेली, बकऱ्या एक फेरा मारून परत आल्या.

ताई आपोआप जागी झाली. डोळे उघडले ते पूर्ण जागेपणी नव्हे. सवयीने ती पुढे झुकली आणि माझ्याकडे वळवलेल्या तबकडीत पाहिलं. चावी बंद असली की या गेजचा काटा खाली, अगदी तळाला पडतो. तिला तो पडलेला दिसला. तिचा चेहरा पांढरा झाला आणि पुढच्याच क्षणी तिने माझं मनगट पकडलं. तीन बोटं बरोबर नाडीवर. मी काही बोलायला गेलो तर तिने दुसऱ्या हाताने गप्प बसवलं. ती मोजत होती. मी तसाच बसून राहिलो, आणि तिच्या बोटांखाली माझी नाडी मला स्वतःला ऐकू येऊ लागली.

मग तिला जाग आली. तिने मनगट सोडलं नाही, पकड फक्त सैल केली.

"आहे," ती म्हणाली, आणि चष्मा सावरून बाहेर पाहिलं. "कुठं आलो गा आपण?"

मी चावी फिरवली. काटा तळातून उठला आणि सत्तरवर जाऊन थांबला. तिने तो पाहिला. मी घडलेलं सांगितलं. इंजिन केव्हाचं बंद आहे हे ऐकल्यावर तिने दोनदा विचारलं की म्हणजे आवाज नव्हता तेव्हाही मी झोपलीच होती? बाहेरून बकऱ्यांची बाई म्हणाली, "माह्या देखत झोपल्या तुम्ही. दोन टायमा होला तुमच्या टपावर बसून गेला."

भर उन्हात परत निघण्यात अर्थ नव्हता. बाईचं घर जवळच होतं. तिने आम्हाला तिथे नेलं, ताक दिलं, ओसरीवर चटई टाकली. ताई आणि ती गुडघ्यांविषयी बोलत बसल्या. ताईने तिला पाय कसा सरळ ठेवून उचलायचा ते करून दाखवलं, तिने ताईला कुठल्याशा पाल्याचा शेक सांगितला. मी झोपलो. ऊन उतरल्यावर आम्ही निघालो, गडावर गेलोच नाही. येताना संध्याकाळचा वारा होता आणि काटा एकशे पाचच्या वर गेला नाही. ताई जागी होती. वाटभर दोन्ही बाजूंना पाहत होती आणि एकदाही आकडा विचारला नाही.

दोन दिवसांनी मिस्त्रीने पंख्याचं पत्र्याचं घर उचललं. आत तेलाच्या कूलरच्या जाळीवर राखाडी रंगाचं काहीतरी थापलेलं होतं, जुन्या गोधडीच्या आतल्या कापसासारखं. पंख्याने महिनाभर हवेबरोबर सावरीच्या म्हाताऱ्याही आत ओढल्या होत्या, आणि तेलकट जाळीवर त्या एकावर एक चिकटत गेल्या होत्या. जाळीतून वारा जातच नव्हता. मिस्त्रीने तो थर सोलून काढला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाला की काटा नसता तर या उन्हाळ्यात इंजिन गेलं असतं, मला वाटलं होतं तेवढं ते खूळ नव्हतं. ताई त्या दिवशी बरोबर होती. तिने ती गादी बोटांनी चाचपून पाहिली आणि एवढंच म्हणाली की ही आता हवेत सोडली तरी उडणार नाही.

गाडी मी घराच्या मागच्या बाजूला लावू लागलो. काटा ऐंशी-नव्वदवर परतला. ताईच्या झोपेचं तसं सरळ काही झालं नाही. काही दिवस ती घरी दुपारी झोपायची, हॉलमध्ये, दार उघडं टाकून, आणि मी चपला हातात घेऊन चालायचो. काही दिवस पुन्हा खिडकी. गाडीत मात्र ती हळूहळू कमी झोपू लागली आणि जास्त बोलू लागली. वॉर्डातल्या गोष्टी सांगायची, कोणाची रात्र कधी घेतली, त्या रात्री काय झालं. मी ऐकायचो. पावसाळ्यात बायको पुण्याहून आली तेव्हा मागच्या सीटवर बसून तिनेही त्यातल्या बऱ्याच ऐकल्या.

दिवाळीनंतर ताई म्हणाली, आता माझ्या घरी जातो. आम्ही दोघांनीही आग्रह केला. इथे काय कमी आहे, असंही बायकोने विचारलं. कमी काही नाही, ताई म्हणाली, पण तिथे माझी गॅलरी आहे, समोरची लेकरं मला ओळखतात.

तिला सोडायला मी गाडीनेच गेलो. थंडी चांगली पडली होती आणि पहाटेचं धुकं इतकं दाट की गाडीचं नाकही नीट दिसत नव्हतं. अशा वेळी उलटी अडचण असते. तेल थंड, घट्ट, आणि काटा तळातून उठायलाच तयार नसतो. तो साठच्या पुढे जाईपर्यंत गाडी रेटायची नाही. आम्ही सायकलच्या वेगाने पारडीच्या पुढे निघालो. ताईने शाल कानावरून घेतली होती. कापणी झालेल्या बांध्या धुक्यात तरंगत होत्या, मधेच एखादा माणूस डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन रस्त्यातून उगवायचा आणि परत विरून जायचा.

"घाई नको करू," ती म्हणाली. "येईल वर आपल्या मनानं."

भंडाऱ्याच्या पुलापर्यंत ऊन आलं. दुपारी तिच्या घरी आम्ही खिचडी खाल्ली, मी तिचे पडदे लावून दिले, गॅसचं सिलेंडर जोडून दिलं. निघताना ती खालपर्यंत आली. गाडीच्या गोल पाठीवर तिने हात ठेवला, तापली आहे का ते पाहिल्यासारखा, आणि मग माझ्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. झोप लागली का, विचारलं. नाही लागली, ती म्हणाली. पहाटे गॅलरीत जाऊन बसली होती, धुक्यात समोरची घरं नव्हतीच, नुसते दिवे होते. कोणी हाक मारेल असं वाटलं नाही. बरं वाटलं, म्हणाली, आणि आता चहा ठेवून राहिली आहे.